मोटर ओढते, म्हणून तोल नको?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अमावास्येच्या आगेमागे कॅमेरा-दुर्बीण घेऊन उतरणाऱ्या हौशी मंडळींमध्ये अलीकडे एक मत रुजत चाललं आहे. मत असं की आता गायडिंग आहे. संगणक दर दोन सेकंदांनी तारा कुठे सरकला ते पाहतो आणि माउंटला जागेवर आणतो. मोटरी दमदार आहेत. मग काउंटरवेट बोटभर आत, बोटभर बाहेर करत अर्धा तास का घालवायचा? या मतामागून आणखी दोन मतं येतात. एक म्हणजे, तोल करायचाच असेल तर पूर्वेकडची बाजू थोडी जड ठेवा, बाकी काही पाहू नका. दुसरं म्हणजे, हार्मोनिक माउंट घ्या, वजनाची कटकटच संपते.

यातलं पहिलं मत चुकीचं आहे, दुसरं अर्धवट आहे, आणि तिसरं पक्क्या खांबावर चालणारं असलं तरी भाताच्या खाचरात रात्र बुडवणारं आहे. ही मतं मांडणारे लोक आळशी नाहीत. तीस-चाळीस किलोचं सामान घेऊन, शनिवारची झोप सोडून येणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? ते जे शिकले ते परदेशी व्हिडिओंतून आणि तिथल्या पुस्तिकांतून शिकले. तिथल्या लोकांनी तिथल्या आकाशाखाली केलेलं काम त्यांनी जसंच्या तसं इथे आणलं. खोट नेमकी तिथे आहे, आणि ती मोजून दाखवता येते.

विषुववृत्तीय माउंटचा मुख्य अक्ष, ज्याला आपण सगळे आरए म्हणतो, पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावा लागतो. कर्जतचा अक्षांश १८.९ अंश, खालापूरचा त्याहून किंचित कमी. म्हणजे इथे आरए अक्ष क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर उचललेला असतो, जवळजवळ आडवाच. लंडनमध्ये तोच अक्ष साडेएक्कावन्न अंशांवर असतो, बर्लिनमध्ये साडेबावन्न अंशांवर. तोल बिघडला की गुरुत्वाकर्षण आरए अक्षाला पीळ देतं, आणि त्या पिळाचं मान अक्षांशाच्या कोसाइनवर ठरतं. अक्ष उभा होत जाईल तसा पीळ कमी, आडवा होत जाईल तसा जास्त. उत्तर ध्रुवावर अक्ष सरळ उभा, तिथे बिघडलेल्या तोलाचा आरएवर काहीच भार नाही. विषुववृत्तावर पूर्ण भार. १९ अंशांचं कोसाइन ०.९५, लंडनचं ०.६२, बर्लिनचं ०.६१. पाच किलोचं वजन दांडीवर एक सेंटिमीटर चुकीच्या जागी राहिलं तर लंडनकराच्या वर्म गिअरवर (अक्षाचं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारा मळसूत्री दांडा, म्हणजे वर्म) जो भार येतो, त्याच्या दीडपट भार कर्जतमध्ये येतो. न्यूयॉर्कशी तुलना केली तरी सव्वापट.

म्हणून 'थोडा तोल इकडेतिकडे चालतो' हे तिकडच्या अनुभवी माणसाचं म्हणणं तिकडे खरं असूनही आपल्यासाठी खोटं ठरतं. तो लबाडी करत नाही. त्याचा 'थोडा' आणि आपला 'थोडा' एक नाहीत, एवढंच. शालेय त्रिकोणमितीतली ही गोष्ट आहे. तरी कर्जत-नेरळच्या फार्महाऊसवर भरणाऱ्या शिबिरांत ती कुणी सांगताना मी ऐकलेली नाही.

या पिळाला आणखी एक खोड आहे. काउंटरवेटची दांडी ज्या क्षणी आडवी होते त्या क्षणी तो सर्वांत जास्त असतो, आणि दांडी आडवी होते ती तारा मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या उत्तर-दक्षिण रेषेवर असताना. तारा मध्यमंडलापासून चार तास पूर्वेला असताना पीळ निम्मा असतो. दोन तासांवर आल्यावर ८७ टक्के. नंतर पूर्ण. आपण फोटो काढतो तो याच वेळी, कारण तेव्हा तारा सर्वांत वर असतो आणि हवेचा थर सर्वांत पातळ. कर्जतहून पुष्यातला एम ४४ हा तारकागुच्छ जवळजवळ माथ्यावरून जातो, कृत्तिका माथ्यापासून पाचेक अंशांवरून. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ लंडनमध्ये कधीच उगवत नाही, आपल्याकडे तो साडेतेवीस अंशांपर्यंत चढतो आणि मध्यमंडलाच्या आगेमागेच धड टिपता येतो. आपली उत्तमोत्तम लक्ष्यं ज्या वेळी हाती येतात त्याच वेळी बिघडलेला तोल सर्वांत जास्त नडतो.

यावर उत्तर येतं: असू दे पीळ, मोटर ओढतेच ना, आणि उरलेलं गायडिंग सांभाळतं.

गायडिंग काय करतं ते नीट पाहू. गाइड कॅमेरा समजा दोन सेकंदांचा फोटो घेतो. तो संगणकात उतरतो, पीएचडी२सारखा प्रोग्राम ताऱ्याचा मध्य काढतो, तो किती ढळला ते ठरवतो आणि माउंटला दुरुस्तीचा इशारा पाठवतो. माउंट सहसा ताऱ्यांच्या गतीच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेसात आर्कसेकंद या वेगाने ती दुरुस्ती करतं. ती झाली की नाही हे कळायला पुढचा फोटो लागतो. या सगळ्यात तीन-चार सेकंद जातात. म्हणजे गायडिंग घडून गेलेल्या चुकीमागे धावतं. सावकाश वाढणारी चूक त्याला छान पकडता येते. ईक्यू६ जातीच्या माउंटमध्ये आरएच्या चाकाला १८० दाते असतात आणि वर्मची एक फेरी सुमारे ४७९ सेकंदांत होते. एचईक्यू५मध्ये दाते १३५, फेरी ६३८ सेकंदांची. या फेरीबरोबर तारा पुढेमागे डुलतो ती आवर्ती चूक आठ-दहा मिनिटांची असते, गायडिंगला ती सहज पेलते. ध्रुवताऱ्याकडे अक्ष लावताना राहिलेली लहानशी कसर, तीही पेलते.

न पेलणाऱ्या चुका वेगळ्या जातीच्या. चाक आणि वर्म यांच्यात बारीकशी फट असते, वर्कशॉपमध्ये ज्याला प्ले म्हणतात. तोल एका बाजूला झुकला की चाक वर्मच्या एका अंगाला टेकून राहतं. दुसऱ्या बाजूला झुकला की दुसऱ्या अंगाला. भार जास्त असेल तर बेअरिंगमधलं घर्षण वाढतं, दुरुस्तीचा इशारा येऊनही अक्ष क्षणभर हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. ही उडी दोन सेकंदांच्या फोटोंच्या मधे होऊन जाते. प्रोग्रामला दिसते ती उडीनंतरची जागा. तो उलट इशारा देतो, पुन्हा तेच. पडद्यावरचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो, आणि मग लोक प्रोग्रामची सेटिंगं बदलत बसतात. इशाऱ्याची तीव्रता कमी कर, एक्स्पोजर वाढव, कमीतकमी हालचालीची मर्यादा बदल. रोग धातूत आहे आणि इलाज आकड्यांवर चालला आहे. पहाटेचे तीन वाजतात, दव उतरतं, भिंगावर ओल येते आणि रात्र संपते.

रात्र संपते हे मी सहज लिहीत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस. ऑक्टोबरात हवेत ओल. दिवाळीनंतर आकाश उघडतं तर दव इतकं पडतं की ड्यू हीटरशिवाय भिंग टिकत नाही. शिमग्याच्या आगेमागे राब भाजायला घेतले की दरीत धुराचा थर बसतो. यातून चांदण्या रात्री वजा करा, शनिवार सोडून बाकीचे वार वजा करा. नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रात्री उरतात. त्यांतली एक रात्र न केलेल्या तोलापायी घालवणं मला सहन होत नाही. म्हणून हा लेख.

दुसरा प्रतिवाद जास्त टोकदार असतो. लोक आपला आलेख दाखवतात: हे पाहा, मी तोल केला नाही आणि माझी एकूण चूक ०.८ आर्कसेकंद आली. आकडा खरा असतो. पण तो सरासरी आकडा आहे. शंभर शांत फोटो आणि पाच उड्या यांची सरासरी देखणी येते. छायाचित्रात मात्र त्या पाच उड्यांचा प्रकाश साठतो आणि ताऱ्याला शेपूट फुटतं. शिवाय हा आकडा बहुधा छोट्या दुर्बिणीचा असतो. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, हल्ली बऱ्याच जणांकडे आहे तसा, आणि दुर्बिणीचं नाभीय अंतर २५० मिलिमीटर असेल तर एका पिक्सेलमध्ये ३.१ आर्कसेकंद मावतात. दीड आर्कसेकंदाची उडी अर्ध्या पिक्सेलमध्ये लपून जाते. तोच कॅमेरा १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीला लावा, एका पिक्सेलमध्ये ०.७८ आर्कसेकंद, आणि तीच उडी दोन पिक्सेलांची होते. छोट्या दुर्बिणीवर काम चालतं हे मला मान्य आहे. त्यावरून तोल अनावश्यक आहे असा नियम काढणं मान्य नाही. छोटी दुर्बीण घेतलेला माणूस दोन वर्षांनी मोठी घेतो. तेव्हा त्याच्या हाताला तोलाची सवय नसते आणि तो माउंटला दोष देतो.

काही जण म्हणतात, कर्जतच्या आकाशात पाच मिनिटांचं एक्स्पोजर घेतोच कोण? पश्चिमेला पनवेल-मुंबईचा उजेड, खोपोलीचे कारखाने, खालापुरातून जाणारा द्रुतगती मार्ग. माथेरानचा डोंगर थोडा उजेड अडवतो, पण आभा त्याच्या डोक्यावरून वर येतेच. मग तीस-तीस सेकंदांचे फोटो काढायचे आणि नंतर एकत्र करायचे. साध्या रंगीत फोटोंसाठी हे ठीक आहे. पण उजेड वाढत असलेल्या ठिकाणी शहाणा माणूस हळूहळू अरुंद पट्ट्याच्या फिल्टरकडे वळतो. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश तेवढा आत घ्यायचा, बाकीचा अडवायचा. शहराचा बराचसा उजेड असा गाळता येतो. मात्र या फिल्टरमधून प्रकाश इतका थोडा येतो की एकेक फोटो पाच मिनिटांचा घ्यावा लागतो. उजेड वाढला म्हणून गायडिंगची गरज कमी झाली हा निष्कर्ष उलटा आहे. उजेड जितका वाढेल तितकी लांब एक्स्पोजरं घ्यावी लागतील, आणि माउंटला पाच मिनिटं निर्धोक चालावंच लागेल.

आता 'पूर्वेकडे जड' या नियमाकडे येतो. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणाऱ्यांशीही माझा वाद आहे. पूर्ण तोल साधला, काटेकोर शून्य, तर चाक त्या फटीत तरंगत राहतं. बोरघाटाकडून रात्री खाली उतरणाऱ्या वाऱ्याची एक झुळूक आली की या अंगावरून त्या अंगाला जातं. कर्जतच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. गाडीत गवत भरताना तो ओझं किंचित पुढे घेतो, म्हणजे जू बैलांच्या मानेवर टेकून राहतं. ओझं मागे गेलं तर गाडी उलार होते, आणि अगदी बरोबर मधे राहिलं तर प्रत्येक खड्ड्याला जू मानेवर आपटतं. आरए अक्षालाही असाच किंचित दाब लागतो. पूर्वेकडे किंचित जड ठेवलं की मोटर सतत ओझं उचलत पुढे जाते आणि चाक वर्मच्या एकाच अंगाला टेकून राहतं. गायडिंगमधली दुरुस्तीही आरएमध्ये मोटरचा वेग कमीजास्त करून होते, दिशा उलटत नाही. त्यामुळे हा दाब टिकतो.

मग नियम अर्धवट कसा? पहिलं कारण, 'किंचित' म्हणजे किती हे शून्य माहीत असल्याशिवाय ठरत नाही. ज्याने तोल साधलाच नाही त्याची पूर्व बाजू दहा ग्रॅमने जड आहे की अर्ध्या किलोने, हे त्याला कोण सांगणार? तिकडच्या व्हिडिओत वजन एक सेंटिमीटर सरकवा म्हणतात, तेव्हा आपण त्याच्या दोन-तृतीयांश सरकवलं की तेवढाच दाब मिळतो. आधी शून्य गाठायचं, मग मोजून दाब द्यायचा.

दुसरं कारण मध्यरात्री उगवतं. तारा पूर्वेला असताना दुर्बीण माउंटच्या पश्चिम अंगाला असते आणि वजनं पूर्वेला. तेव्हा पूर्व जड म्हणजे वजनं जड. तारा मध्यमंडल ओलांडतो, माउंट उलटतं, दुर्बीण पूर्वेला येते, वजनं पश्चिमेला जातात. आता तीच मांडणी पश्चिमेकडे जड झाली. मोटर ओझं उचलायच्या ऐवजी घसरत्या ओझ्यामागून चालते, चाक वर्मच्या दुसऱ्या अंगाला टेकतं, आणि संध्याकाळी सुरेख चाललेलं गायडिंग रात्री एकनंतर बिघडतं. लोक म्हणतात हवा बिघडली. कधी खरंच बिघडलेली असते. पण माउंट उलटल्यावर वजन आत सरकवायला कोण उठलं होतं, हे आधी विचारायला हवं. उलटण्याच्या वेळी उठून वजन सरकवण्याची तयारी नसेल तर दाब देऊच नये. शक्य तितकं शून्याजवळ राहावं. दोन्ही अंगांना तेवढाच प्ले घेऊन चालणारं माउंट, एका अंगाला सुरेख आणि दुसऱ्याला बेभरवशाच्या माउंटपेक्षा परवडतं.

शून्य गाठणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही, आणि 'मी तोल केला होता' म्हणणारे इथेच फसतात. क्लच सोडला, दुर्बीण पडली नाही, म्हणजे तोल झाला असं मानतात. स्वस्त आणि मध्यम माउंटमध्ये बेअरिंग आणि सीलचं घर्षण इतकं असतं की क्लच सोडूनही बिघडलेला तोल तसाच उभा राहतो. रीत अशी: दांडी आडवी करा, क्लच सोडा, हात दुर्बिणीखालीच ठेवा. वजन थोडं थोडं बाहेर सरकवत जा, दांडी आपोआप खाली जायला लागेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग आत सरकवत जा, दुर्बीण खाली जायला लागेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे तोल. या दोन खुणांतलं अंतर म्हणजे तुमच्या माउंटचं घर्षण. ते दर मोसमाला वाढत असेल तर ग्रीस बदलायची वेळ झाली.

हे करण्याआधी डेक अक्षाचा, म्हणजे आरएला काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षाचा, तोल हवा. डेक बिघडलेला असेल तर दुर्बीण आकाशात कुठे रोखली आहे त्यावर आरएचा तोल बदलतो. उत्तरेकडे जमलेला तोल दक्षिणेला वळल्यावर मोडतो. म्हणून आधी डेक, मग आरए. आणि डेकचा तोल दोनदा तपासायचा: नळी आडवी असताना आणि नळी उभी असताना. नळी आडवी ठेवून कॅमेऱ्यासकट पुढेमागे सरकवली की बहुतेक जण थांबतात. पण गाइड दुर्बीण, हँडल, छोटा संगणक, यांतलं काही ना काही नळीच्या एका कडेला बसवलेलं असतं. नळी आडवी असताना हे वजन अक्षाच्या बरोबर वर किंवा खाली असतं, काही जाणवत नाही. नळी माथ्याकडे उभी झाली की तेच वजन एका बाजूला लोंबतं, आणि माथ्यावरून जाणारी लक्ष्यं हीच तर आपली खासियत. अशा वेळी नळीच्या विरुद्ध कडेला छोटं वजन बांधावं, किंवा संगणक तिथून काढून ट्रायपॉडच्या पायाला लावावा. सगळं जागेवर असताना, झाकण काढलेलं, फोकस केलेला, केबली अक्षाजवळून बांधलेल्या, अशा स्थितीत तोल करायचा. संध्याकाळी झाकणासकट केलेला तोल झाकण काढल्यावर तुमचा राहत नाही.

आपल्या अक्षांशामुळे आणखी एक अडचण येते, आणि तोल बिघडण्याचं ते प्रामाणिक कारण आहे. अक्ष इतका आडवा असल्यामुळे वजनाची दांडी खाली असताना उत्तरेकडे जेमतेम १९ अंशच झुकते आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला अडते. मग लोक वजन दांडीवर वर ढकलतात किंवा एक वजन काढूनच टाकतात. यापेक्षा माउंट आणि ट्रायपॉडच्या मधे छोटा खांब घालावा. किंवा एकच जड वजन घेऊन ते अक्षाच्या जवळ ठेवावं. तेवढाच तोल राहतो, पायाला अडत नाही आणि लांब दांडीच्या टोकाला लोंबणाऱ्या हलक्या वजनापेक्षा वाऱ्यात कमी हेलकावतं.

हार्मोनिक माउंटवाल्यांचा दावा सर्वांत मोहक आहे. हार्मोनिक गिअरमध्ये प्ले जवळजवळ नसतो, एकांगी ओझं तो उचलतो, सामान निम्मं होतं. कर्जत लोकलने येणाऱ्याला हे किती मोलाचं आहे ते मी जाणतो. पण आवर्ती चूक या गिअरमध्ये मोठी असते आणि तिचे काही भाग वेगाने बदलतात, म्हणून गायडिंग त्यात अनिवार्य असतं आणि गाइड कॅमेऱ्याचे फोटोही सेकंदा-अर्ध्या सेकंदाचे घ्यावे लागतात. त्याहून महत्त्वाचं, खुद्द बनवणारेच वजन लावायला सांगतात. झेडडब्ल्यूओच्या एएम५ या लोकप्रिय माउंटची क्षमता वजनाशिवाय १३ किलो आणि वजन लावल्यावर २० किलो अशी दिली आहे. वजन निरर्थक असतं तर हे दोन आकडे वेगळे का असते?

खरी गोष्ट जमिनीची आहे. तोल साधलेल्या माउंटचा गुरुत्वमध्य आरए अक्षावर असतो. अक्ष फिरला तरी तो जागचा हलत नाही, त्यामुळे ट्रायपॉडच्या तिन्ही पायांवरचा भार रात्रभर तेवढाच राहतो. वजनाशिवायच्या हार्मोनिक माउंटवर समजा सहा किलोची दुर्बीण अक्षापासून वीस सेंटिमीटरवर आहे. मध्यमंडल ओलांडताना ती पश्चिमेकडून पूर्वेला जाते, म्हणजे सहा किलोचं ओझं ट्रायपॉडवर ४० सेंटिमीटर सरकतं. सिमेंटच्या खांबावर याने काही होत नाही. पण आपण उभे राहतो ते कापणी झालेल्या भाताच्या खाचरात, वरून कोरड्या दिसणाऱ्या आणि खाली ओल धरलेल्या मातीवर. पायांमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं आणि ज्या पायावर नवा भार आला तो अर्धा मिलिमीटर जरी खचला, तर अक्ष दोन-अडीच आर्कमिनिट ढळतो. संध्याकाळी कष्टाने केलेलं पोलर अलाइनमेंट रात्री बारानंतर उरत नाही, आणि पडद्यावर फक्त डेकची सरकत जाणारी रेघ दिसते. हार्मोनिक माउंट घ्या, अवश्य घ्या. खाचरात वापरताना वजन लावा आणि पायांखाली रुंद फळ्या घाला. ज्यांचं माउंट वर्म गिअरचं आहे त्यांनीही फळ्या घालाव्यात.

तोल ही जुन्या पिढीची सवय आहे, हा आक्षेप शेवटी घेतो. जुनी पिढी म्हणजे कोण? १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी दीर्घिकेचा फोटो काढला आणि तिची सर्पिल रचना जगाला दिसली. त्यांच्या २० इंची आरशाच्या दुर्बिणीचं काउंटरवेट होतं दुसरी एक दुर्बीण, सात इंची भिंगाची, त्याच डेक अक्षाच्या दुसऱ्या टोकाला. एकीने फोटो, दुसरीचा तोल. त्यातली २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीने बनवली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली २० इंची दुर्बीणही ग्रबचीच. त्या काळी माउंट चालायचं ते खाली उतरणाऱ्या वजनाच्या घड्याळावर. त्यात तोल बिघडला की घड्याळ मंद किंवा जलद व्हायचं आणि चूक लगेच उघडी पडायची. आजची मोटर ती चूक ओढून नेते, म्हणून ती दिसत नाही. गिअरवरचा भार मात्र तितकाच असतो, आणि चाकाचे दाते त्या भारानेच झिजतात. आज भीमाशंकरच्या पलीकडे गिरवलीला आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण उभी आहे. तशा दुर्बिणीवरही उपकरण बदललं की तोल पुन्हा साधावा लागतो. ज्याला जुनी सवय म्हणतात ती व्यावसायिक वेधशाळांनी कधीच सोडलेली नाही.

कर्जत लाईनवर वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वर्षानुवर्षं झाले. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी माणसांनी धड काळं आकाश पहिल्यांदा तिथे पाहिलं. आता त्यांच्या पुढची पिढी कॅमेरा घेऊन पुढच्या स्टेशनांवर, कर्जत आणि खालापूरच्या गावांत उतरते आहे. तिला शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. शिबिराच्या वेळापत्रकात सूर्य मावळण्याआधीचा अर्धा तास तोलासाठी राखून ठेवा, चहा-नाश्ता त्यानंतर द्या. अंधारात, डोक्यावर लाल दिवा बांधून तोल होत नाही.

आणि ज्याला माझं म्हणणं पटत नाही त्याने हे करून पाहावं. जानेवारी-फेब्रुवारीत मृगाचा पट्टा मध्यमंडलाजवळ आला की वरच्या रीतीने तोल साधून पंधरा मिनिटं गायडिंगची नोंद घ्यावी. मग वजन दोन सेंटिमीटर बाहेर सरकवून पंधरा मिनिटं, दोन सेंटिमीटर आत सरकवून पंधरा मिनिटं, आणि शेवटी पुन्हा साधलेल्या तोलावर पंधरा मिनिटं, म्हणजे हवा मधेच बदलली असेल तर तेही कळेल. एकूण आकडा पाहू नये. आरएची रेघ वेगळी काढावी आणि तिच्यातल्या सर्वांत मोठ्या उड्या मोजाव्यात. चारही नोंदी शेजारी शेजारी ठेवून फरक दिसला नाही, तर तोल न करता गायडिंग करा. दिसला, तर पुढच्या अमावास्येला वजनाला हात लावल्याशिवाय क्लच घट्ट करू नका.